सगळ्यांच्या मागे चालणाऱ्या सुप्रभाताई

चेस्टरच्या सुप्रभाताई देवस्थळी यांनी इंग्लंडात आल्यावर तीनदा ड्रायव्हिंग टेस्ट दिली आणि तीनदा नापास झाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी परीक्षकालाच सांगून टाकलं, की राहू दे, तुमच्या रस्त्यांचं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. नवरा शशिधर हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. गाडी ते चालवायचे आणि ताई शेजारी बसून सूचना करायच्या. एकोणीस वर्षांपूर्वी शशिधर गेले. ताईंनी महिन्याभरात गाडी विकून टाकली आणि त्याच उन्हाळ्यात ट्रेन आणि बस करत वेल्सच्या डोंगरात एकट्या जाऊन आल्या. पुढच्या खेपेला चेस्टरच्या मराठी मंडळातल्या दोघी बरोबर गेल्या. दोघी डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, दिवसभर घरात बसून कंटाळलेल्या. असा तो ग्रुप सुरू झाला. नाव पडलं 'बसवाले'.

बसवाल्यांचा नियम एकच होता: स्वतःची गाडी आणायची नाही. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांना तो सोपा होता. देवयानीसारख्या कन्सल्टंट डॉक्टरणीला, जिच्या दाराशी भलीमोठी इलेक्ट्रिक गाडी उभी असे, तो जड जायचा. पण ताईंपुढे कोण बोलणार? देवयानीही मुकाट्याने स्टेशनवर हजर व्हायची.

दुसरी एक रीत होती, ती ताईंनी पुण्याहून आणलेली. कॉलेजात असताना त्या ज्या ग्रुपबरोबर सह्याद्रीतले किल्ले चढायच्या, तिथे लीडर सगळ्यांत मागे चाले. पुढे कोणीही पळावं. मागे राहणाऱ्याचं काम खरं. कोणाची बाटली विसरली, कोणाला चक्कर आली, कोण रुसून बसलं, हे मागच्यालाच दिसतं. त्यामुळे एकोणीस वर्षं सुप्रभाताई शेवटच्या. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. नवीन कोणी आलं आणि म्हणालं, "ताई, तुम्ही पुढे व्हा ना," की त्या ठणकावून सांगत, "मी लीडर आहे. मी मागेच असते."

एप्रिलमध्ये बसवाले इद्वलला गेले होते. बँगोर स्टेशनवरून बस पकडायची, ती ओग्वेन तळ्यापाशी सोडते. तिथून वर चढलं की ज्वालामुखीच्या खडकांनी वेढलेलं आणखी एक तळं, तेच इद्वल. सगळा परिसर संरक्षित आहे, दगडसुद्धा उचलायचा नाही. परतीची बस चार पस्तीसची, आणि ती चुकली. पुढच्या बससाठी तेरा माणसं दोन तास भुरभुर पावसात उभी राहिली. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, की ताई, बस लवकर गेली हो, चार मिनिटं लवकर. ताईंनी घरी येऊन बस कंपनीला चांगलं सणसणीत पत्र लिहिलं. आपल्या माणसांना भिजवलं म्हणजे काय!

उत्तर यायला जरा वेळ लागला, पण आलं. अतिशय नम्र इंग्रजीत लिहिलं होतं, की त्या दिवशीची नोंद आम्ही तपासली. बस लवकर नव्हे, दोन मिनिटं उशिरा सुटली होती. ताईंनी ते तीनदा वाचलं. बस खोटं बोलत नसेल, तर मग कोण बोलत होतं? आणि कशासाठी? याचं उत्तर त्यांना अंधुकसं कळलं होतं, म्हणूनच त्यांनी ते ग्रुपवर विचारलं नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा इद्वलला जाऊ, एवढंच लिहिलं. शशिधर गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभी केलेली ही एकच गोष्ट होती. ती आपल्या हातात राहणार की नाही, हे त्यांना आता स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

सप्टेंबरातला तो शनिवार चांगला उजाडला. बँगोरहून बस सुटली तेव्हा तेरा जण होते. एप्रिलसारखीच देवयानीची मुलगी ईराही आली होती. ती बँगोरलाच जिऑलॉजी शिकते, वय एकोणीस. बसमधून उतरल्यापासून तिची टकळी चालू होती.

"मावशी, हा सगळा रॉक समुद्राच्या खाली झाला. फोर हंड्रेड अँड फिफ्टी मिलियन इयर्स. राख पडली पाण्यात, मग त्याच्यावर लाव्हा."

"म्हणजे आमच्या सह्याद्रीपेक्षा म्हातारा," ताई म्हणाल्या.

"खूप! तुमचा सह्याद्री तर बेबी आहे."

ताईंना हे फारसं आवडलं नाही, पण ऐकून घेतलं.

दगडी पायवाटेने वर चढून सगळे तळ्याशी पोचले. पाणी काळं आणि स्वच्छ, मागे अर्धगोल कडा, आणि त्या कड्याला वरपासून खाली एक चीर. तिला इथले लोक सैतानाचं स्वयंपाकघर म्हणतात, कारण तिच्यातून ढग वाफेसारखे वर येतात. तळ्याकाठी डबे उघडले. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, कोणाची तरी सॅंडविचेस. पुऱ्या संपल्या, सॅंडविचेस घरी परत गेली.

जेवण झाल्यावर चीर जिथे खाली उतरते त्या धोंड्यांपर्यंत चढायचं ठरलं. ताई नेहमीप्रमाणे मागे, आणि आज त्या नीट बघत होत्या. पुढचे लोक पन्नास पावलं गेले, की सुयश खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागे. सुयश नागपूरचा, चेस्टरच्या एका बँकेत सॉफ्टवेअरला, स्वभावाने गरीब. पहिल्यांदा नाडी सुटली, ठीक. दुसऱ्यांदा सुटली, तेही ठीक. मग देवयानीला फोटो काढावासा वाटला. मग कोणाला तरी पाणी प्यायचं होतं. सगळा ग्रुप एका धोंड्याचं कौतुक करत उभा राहिला. त्या धोंड्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. ताई जवळ पोचल्या की सगळे परत चालू लागत. तिसऱ्यांदा सुयश वाकला तेव्हा ताई पुरत्या जवळ आल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं. सुयशच्या बुटाला नाड्याच नव्हत्या, चिकटणारे पट्टे होते.

 

त्यांनी ईराला हाक मारली. बाकी कोणाला विचारून उपयोग नव्हता. ती सगळी इथे वाढलेली नव्हती. मोठ्या माणसाला तोंडावर काय म्हणायचं नसतं हे शिकूनच ती आली होती.

"ईरा, खरं सांग. एप्रिलमध्ये बस लवकर आली होती?"

ईराने आईकडे बघितलं. आई लांब होती.

"नाही मावशी. बस टाइमवर होता. आपण लेट होतो. तुम्ही खूप मागे होता, आणि कोणीच तुम्हाला हरी अप म्हणायला रेडी नव्हता. आईने सांगितलं, मावशीला नाही सांगायचं, त्यांना वाईट वाटेल."

"आणि दोन तास भिजलात ते?"

"इट वॉज फाइन," ईरा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आय मीन, खूप थंडी होती."

ताई एका धोंड्यावर बसल्या. राग आला, आधी सगळ्यांचा, मग स्वतःचा. बारा माणसं आपल्यामुळे कुडकुडली आणि आपण त्या बिचाऱ्या ड्रायव्हरवर पत्र लिहून मोकळ्या झालो. आपण लीडर म्हणून मागे चालतो, असं आपल्याला वाटत होतं. त्या आता नुसत्याच मागे होत्या, आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. अडुसष्ट वर्षांच्या बाईला हे डोंगरात बसून कळावं, याची त्यांना लाज वाटली.

घड्याळात अडीच वाजले होते. वरपर्यंत जाऊन उतरायचं आणि चार पस्तीसची बस गाठायची. असंच रेंगाळत राहिलं तर ती आजही चुकणार होती, आणि आजही सगळ्यांनी ती लवकर गेली म्हणून सांगितलं असतं.

"सुयश," त्यांनी हाक मारली, "इकडे ये. आजपासून मागे तू."

सुयशचा चेहरा उतरला. "अहो ताई, नाही हो, असं कसं? मागे तुम्हीच—"

"बूट बांधायचे सोड आणि ऐक. मी पुढे चालते. माझ्या चालीने सगळ्यांनी चालायचं, कोणी मला ओलांडायचं नाही. आणि तू शेवटचा. तुझ्या मागे कोणी राहता कामा नये. कळलं?"

"हो," सुयश म्हणाला.

देवयानी जवळ आली, तिने ईराकडे असं बघितलं की पोरीने मान खाली घातली. "तिला काही बोलू नकोस," ताई म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांत शहाणी तीच आहे."

आणि त्या पुढे झाल्या. चाल हळू होती, पण आता मध्येमध्ये कोणी थांबत नव्हतं, कोणाला फोटो सुचत नव्हता. धोंड्यांपर्यंत पोचून, सैतानाच्या स्वयंपाकघराला खालून नमस्कार करून, ते वेळेत वळले. ताईंना पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. मग कळलं, की समोर कोणाची पाठच नाही. एकोणीस वर्षं त्यांनी वेल्स पाहिला तो लोकांच्या सॅकच्या बाजूबाजूने. आता तळं, दरी, खालचा रस्ता, सगळं सरळ डोळ्यांपुढे होतं. बरं वाटलं. आणि रडूही आलं, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

स्टॉपवर ते चार पंचवीसला पोचले. दहा मिनिटं हातात. शेवटच्या माणसाचं एक काम उरलेलं असतं, माणसं मोजण्याचं. सवयीने ताई वळल्या, त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सुयश मागून पुढे येत, बोट दाखवत मोजत होता. दहा, अकरा, बारा. मग त्याचं बोट ताईंपाशी येऊन जरासं अडखळलं.

"तेरा," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत त्यांना कोणी मोजलं नव्हतं. मोजणाऱ्याला कोण मोजणार?