मामींनी बांधलेला पाय

हॉस्पिटलच्या प्लास्टरच्या खोलीत मामांनी एकतीस वर्षं काढली. डॉक्टर हाड बसवायचे आणि पुढच्या पेशंटकडे वळायचे. पाय धरून ठेवणं, कापूस गुंडाळणं, ओल्या पट्ट्यांचे थर देऊन तळव्याने ते गुळगुळीत करणं, हे सगळं मामांचं काम. प्लास्टर कापायची करवत पाहून लहान मुलं भोकाड पसरायची, तेव्हा ते म्हणायचे, "ही नुसती दात दाखवते, चावत नाही." मुलांच्या आधी आईबापांनाच हायसं वाटायचं. त्यांनी बांधलेले कितीतरी हातपाय शहरभर हिंडत होते.

निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं मात्र मामा त्या खोलीत नव्हते. उजवा हात थरथरायला लागला होता. मोठ्या डॉक्टरांनी चारचौघांत काही न बोलता त्यांना एक्स-रेच्या फायलींकडे बसवलं. वय झालं म्हणून हलकं काम दिलंय, असं मामांनी घरी सांगितलं. हाताबद्दल चकार शब्द काढला नाही. उजवा हात खिशात ठेवून ते चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागले, आणि कुठे सही करायची वेळ आली की नेमका त्यांचा चष्मा सापडत नसे.

मामींनी मागच्या अंगणात एक तांबडी कोंबडी पाळली होती. मामा निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी तिने आठ पिल्लं काढली. मामी सकाळपासून त्यांच्याच मागे असायच्या. एकदा मामा पिल्लांसाठी पाणी घेऊन गेले आणि भरलेली बादली हातातून निसटली. सात पिल्लं पांगली. आठवं बादलीच्या काठाखाली सापडलं. उचललं तेव्हा जिवंत होतं, पण एका पायाची नडगी दोऱ्यासारखी लोंबत होती.

मामी धावत आल्या. मामा म्हणाले, कडी ओली होती, सटकली. पिल्लाला ओंजळीत धरून ते स्वयंपाकघरात आले. झाडूची काडी त्यांनी बोटाच्या पेराएवढी मोडली, जुन्या बनियनची पट्टी कापली, कापूस काढला. काय करायचं ते सगळं डोक्यात लख्ख होतं. पण काडी नडगीला लावायला गेले आणि हात असा काही हलायला लागला, की काडी एकदा डाव्या बाजूला, एकदा उजव्या. पिल्लू कळवळून चिवचिवत होतं. तीनदा पट्टी सुटली.

मामी समोर उभ्या राहून हाताकडे पाहत होत्या.

"हे कधीपासून?"

"झाली चार-एक वर्षं."

"म्हणजे हॉस्पिटलात होतात तेव्हापासून?"

मामांनी मान हलवली. मामींनी पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि त्यांच्या हातातून पट्टी घेतली. "सांगा. कुठून सुरू करू?"

मामा सांगत गेले. आधी कापूस, मग काडी, गुडघ्याच्या खालून सुरुवात, घट्ट नको, बोटं गार पडतील. मामींच्या हाताला सुईदोऱ्याची सवय होती. पाच मिनिटांत पाय बांधून झाला. मामांनी वाकून पाहिलं आणि शेवटचा वेढा सोडून पुन्हा घ्यायला लावला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात ती जुनी जरब आली होती.

पिल्लाला बुटांच्या खोक्यात ठेवलं, उबेसाठी वर दिवा लावला. मामा त्याला बाटलीच्या झाकणातून पाणी पाजायचे, कण्या चिरडून द्यायचे. चौथ्या दिवशी ते बांधलेला पाय काठीसारखा टेकून उभं राहिलं. पण एकटेपणाने दिवसभर ओरडायचं, जिवाच्या आकांताने. बाहेरून कोंबडी त्याला ओ द्यायची. मामी कामं टाकून ऐकत बसायच्या. सहाव्या-सातव्या दिवसानंतर कोंबडीने ओ देणं सोडलं. हे दोघांच्याही लक्षात आलं, पण त्याचा अर्थ कुणालाच कळला नाही.

अकराव्या दिवशी मामींनी पट्टी सोडली. पिल्लू जरा फेंगडं चाललं, पण चाललं. "तुझा हात चांगला आहे," मामा म्हणाले. मामी लाजल्यासारख्या हसल्या. मग म्हणाल्या, आईजवळ सोडू या आता, हे ओरडणं ऐकवत नाही. मामांच्या मते अजून आठ दिवस थांबायला हवं होतं. लोकांना त्यांनी एक दिवसही आधी प्लास्टर काढू दिलं नव्हतं. पण ते ओरडणं त्यांनाही सोसत नव्हतं. ते बरं म्हणाले.

मामींनी पिल्लू अंगणात ठेवलं. ते लंगडत थेट आईच्या पोटाखाली घुसायला गेलं. कोंबडीने मान वाकडी करून पाहिलं आणि परक्या पिल्लाला मारावी तशी डोक्यावर चोच मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मामा खुर्चीतून उठेपर्यंत आणि मामी हाताने तिला हुसकावेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं.

तासभर ते मामींच्या मांडीवर धुगधुगत राहिलं. मग मान पडली.

मामी म्हणाल्या, "मीच घाई केली."

"बादली माझ्या हातून पडली," मामा म्हणाले. "कडी ओली नव्हती."

मामींनी पिल्लाचा पाय त्यांच्याकडे केला. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने नडगी चाचपून पाहिली. हाड सरळ जुळलं होतं, जुळल्याची गाठ कुठे हाताला लागत नव्हती.

"अगदी नीट बसलंय," ते म्हणाले. मामींना तेव्हा रडू आवरलं नाही.

पेरूच्या झाडाखाली मामींनी खुरप्याने खड्डा केला. मामा शेजारी उभे होते, उजवा हात खिशात न घालता. उरलेली सात पिल्लं मोठी झाली, शेजारीपाजारी दिली. पुढे कोंबडी पुन्हा अंड्यांवर खुडूक बसली, तेव्हा आता पिल्लं नकोत म्हणून मामींनी सकाळीच तिच्याखालची अंडी काढून घेतली. ती आठवडाभर रिकाम्या टोपलीत बसून राहिली.