व्हार्निशमधलं करडईचं तेल

दोन स्थळांनी नकार कळवला, तेव्हा वडिलांनी मनाशी पक्कं धरलं, की घरात पाहुण्यांना पाठ टेकायला काही नाही म्हणूनच हे होतं. नगरचं तिसरं स्थळ यायचं ठरलं आणि त्यांनी गल्लीतल्या सुतारकाकांकडून दोन खुर्च्या करून घेतल्या. रुंद हात, पाठीला पाच-पाच उभ्या पट्ट्या.

मला ते स्थळ हवं होतं. मुलगा देवळाली प्रवराच्या बाजारात एकदा दुरून पाहिला होता, एवढंच सांगते. म्हणून पाहुणे यायच्या सकाळी डब्यात उरलेलं व्हार्निश मी त्या पट्ट्यांना गुपचूप फासलं. पुरेना, तेव्हा त्यात करडईचं तेल ओतलं. चकाकी बघून स्वतःवरच खूश झाले.

दुपारी पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाचे वडील निघायला उठले, तर खुर्चीही उठली. मुलगा मदतीला धावला, तो स्वतःची खुर्ची घेऊनच.

"आरं, सोड की मला!" म्हातारा खुर्चीवरच खेकसला. मग वडिलांकडे वळून म्हणाला, "तुमची खुर्ची तर आमच्यासंगं यायला तयार हाय. पोरीचं काय म्हननं?"

टर्रकन सुटका झाली. दोघांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर पाच-पाच तपकिरी पट्टे. बापलेक पाठमोरे उभे राहिले, तर दोन दांडग्या खारीच.

वडील संतापले. सुतारकाकांना बोलावणं गेलं. त्यांनी पट्टीला नाक लावलं, वास घेतला, आणि माझ्या तपकिरी नखांकडे पाहिलं. मी हात पदराखाली घेतले. पोरीचाच हा उद्योग, हे कळलं असतं तर तिसराही नकार ठरलेला.

"माझंच चुकलं, दादा," सुतारकाका म्हणाले. "घाई झाली."

मी पोह्यांच्या बशा उचलून आत गेले.

लग्न ठरलं. पण हळदीचा पाट वडिलांनी मुद्दाम दुसऱ्या सुताराकडून करवला. पाटाचा एक पाय आखूड. मी बसले आणि डुगडुगायला लागले.

"बघा गं," मावशी हळद लावता लावता म्हणाली, "पोरगी लाजून कशी लटालटा कापतीय!"

सुतारकाका मांडवाच्या दारात उभे होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी. नुसती मान खाली घातली, तर बायकांना तीही लाजच वाटली.