ओढ्याकडची बाजू

हे गेल्यापासून पुतणीचा अभ्यास घ्यायचं काम मी आपण होऊन मागून घेतलं. पुस्तक मांडीवर असलं की भेटायला येणारी माणसं फार वेळ बसत नाहीत.

त्या रविवारी तिला एक गोष्ट वाचायची होती. एक माणूस तळ्याभोवती कुंपण घालतो. हरणं, ससे, कोल्हे तहानेले येतात आणि काट्यांपाशी थांबून राहतात. शेवटी माणूस रानाकडची बाजू उघडतो आणि स्वतः लांब जाऊन बसतो. गोष्टीखाली प्रश्न होते, पहिलाच: माणूस लांब जाऊन का बसला? ओट्यावर बसून ती एकेक ओळ बोटानं वाचत होती, पण आम्हा दोघींचं लक्ष घरामागच्या उसाकडे होतं.

ऊस तोडायला पाथर्डीकडची टोळी आली होती. फड जवळजवळ संपला होता. मधोमध एक पट्टा तेवढा उभा होता आणि सकाळी त्याच पट्ट्यात एका तोडकरीण बाईला बिबट्या दिसला होता. कोयते थांबले. गावातली माणसं काठ्या घेऊन आली आणि पट्ट्याभोवती चहूबाजूंनी उभी राहिली. वनखात्याची गाडी निघाली आहे, असं दिरांना फोनवर दोनदा सांगितलं गेलं होतं. दुपार झाली तरी ती आली नव्हती. उसाचं वाळलेलं पाचट पेटवून द्या, आपोआप बाहेर येईल, असं कुणीतरी म्हणालं ते मला ओट्यावर ऐकू आलं. दिरांनी नाही म्हटल्याचं मात्र ऐकू आलं नाही.

पुतणी वाचता वाचता थांबली.

"मोठी आई, त्यानं रानाकडचीच बाजू का उघडली?"

"ते तिकडूनच आले होते ना. तिकडेच परत जाणार."

तिनं उसाकडे बोट केलं. मग म्हणाली, "मोठे बाबा ओढ्याकडचा ऊस शेवटी तोडायला लावायचे. यंदा तिकडूनपण तोडलाय."

मी उसाकडे पाहिलं. दरवर्षी हे टोळीला रस्त्याकडून सुरुवात करायला सांगत. ऊस तुटत जाई तसं आतलं जनावर मागं सरकत ओढ्यात उतरे. यंदा कारखान्याची घाई होती, म्हणून तोड दोन्हीकडून लावली होती. सांगणारं माणूस नव्हतं. आता ओढ्याच्या वाटेवर ट्रॅक्टर उभा होता, त्याच्यामागे काठ्या, आणि बांधावरच्या बाभळीला त्या तोडकरीण बाईच्या बाळाची झोळी बांधलेली होती.

बिबट्या त्या बाजूनं निघाला तर त्याच्यासमोर पहिली ती झोळी येणार होती.

पुतणीला आत बसवून मी दाराला बाहेरून कडी लावली. हे गेल्यापासून मी शेतात पाऊल टाकलं नव्हतं. माणसांनी वाट दिली.

"वहिनी, तुमी कशाला आल्या?" दीर म्हणाले. त्यांच्या हातात काडेपेटी होती.

ओढ्याची बाजू मोकळी करा, असं मी सांगितलं. टोळीचा मुकादम हसला. म्हणाला, "बाई, त्याला काय पाटी लावून सांगायचं, इकडनं जा म्हणून?" दोघं-तिघं हसले. मी दिरांकडेच पाहत राहिले.

"तुमचे भाऊ दरवर्षी काय करायचे?"

मग काडेपेटी खिशात टाकून त्यांनी ट्रॅक्टर काढायला सांगितला. बाळाच्या आईनं झोळी सोडली, बाळाला छातीशी धरून ती आमच्या बाजूला आली. माणसं कुरकुरत मागं झाली. एकजण बोलायला लागला तर दिरांनी नुसता हात केला.

खूप वेळ काही झालं नाही. मग वारा नसताना उसाच्या शेंड्याचं वाढं हललं. ती मादी होती. तोंडात पिल्लू धरून ती तोडलेल्या रानातून सरळ गेली आणि ओढ्यात दिसेनाशी झाली. काठीवाले पुढं सरले. दिरांनी दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं.

"थांबा. एकच नेलंय."

ती परत आली. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि आत शिरली. माझ्या शेजारच्या बाईनं बाळाच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. मादी दुसरं पिल्लू घेऊन गेली, तेव्हा कुठे बाईनं हात काढला आणि बाळ रडलं.

दीर मुकादमाकडे वळले. "पुढच्या साली ओढ्याकडनं हात लावायचा न्हाई."

"व्हय," तो म्हणाला.

मी घरी येऊन कडी काढली. पुतणी खिडकीशी होती, पुस्तक तिथंच उघडं. गेली का, म्हणून तिनं विचारलं. गेली, म्हटलं. मग ती पुन्हा ओट्यावर येऊन बसली आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहू लागली.