तळहातावरची वेळ

"आत्ताच म्हंजे किती?"

नगरला आमच्या दवाखान्याच्या गेटवर पेशंट घेऊन कधी आला असाल, तर हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. विचारणारे आमचे वॉचमनकाका. हातात काठी क्वचित, बॉलपेन मात्र कायम.

तोंड वाकडं झालेला, अर्धं अंग लुळं पडलेला माणूस रिक्षातून उतरला की नातेवाईक म्हणायचे, "आत्ताच झालं हो." काकांना ते पटायचं नाही. "शेवटचं धड कवा बोलले? डेअरीला दूध घालायच्या आधी का मागून?" असं खोदून खोदून वेळ काढायचे, डाव्या तळहातावर लिहायचे आणि स्ट्रेचरच्या पुढे पळत जाऊन डॉक्टरांपुढे हात धरायचे. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वेळच माहीत नसेल तर डॉक्टर धजत नाहीत. हे काकांना कुणी शिकवलं, देव जाणे.

"कागद हारपतो. हात कुठं जातोय?" म्हणायचे.

मी दवाखान्याच्या फायली सांभाळणारा. पक्षाघाताच्या उत्तम उपचारांचं मानांकन मिळवायचं ठरलं आणि मला शिंगं फुटली. तपासणीला बाहेरची माणसं येणार. त्यांच्यापुढे तळहात नाचवणारा वॉचमन कसा चालेल? मी छापील फॉर्म काढला आणि काकांना मागच्या पार्किंगला पाठवलं.

"साहेब, फारम इचारील ना नीट?" एवढंच ते म्हणाले.

"गाड्यांना काय इचारायचं?" असं म्हणत दोन महिन्यांत काका नोकरी सोडून आपल्या गावी, मिरजगावला गेले. आम्हाला मानांकन मिळालं. हार घातलेल्या फोटोत मधोमध मी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी पावणेदोनला काकांनाच घेऊन जीप आली. डावी बाजू गेलेली, बोलणं उमगेना. मी नेमका कॅज्युअल्टीत होतो, म्हणून फॉर्म मीच भरायला घेतला. कधी झालं, विचारलं. काकू म्हणाल्या, "म्या रानात हुते. येऊन बघते तर पडलेले." मी लिहिलं, वेळ माहीत नाही.

काका उजव्या हाताने लुळा डावा हात उचलून माझ्याकडे ढकलत होते. मला वाटलं, घाबरलेत. "काका, शांत पडा," म्हणत मी तो हात धरला आणि चादरीखाली ठेवला. त्यांनी पुन्हा काढला. मी पुन्हा ठेवला.

साडेचारला त्यांचं अंग पुसताना नर्सने मला हाक मारली. तळहातावर निळ्या शाईत लिहिलं होतं, ११.१०. आकडे वाकडेतिकडे होते, पण लागत होते. इंजेक्शनची मुदत संपून पाऊण तास झाला होता.

फॉर्मवर मी आता एक ओळ वाढवली आहे, रुग्णाचे दोन्ही तळहात पाहावेत. फॉर्म भरणाऱ्या नवीन पोरी वाचून हसतात. मी कारण सांगत नाही, तेवढं धैर्य माझ्यात नाही.

मध्यंतरी मिरजगावला गेलो होतो. काका ओट्यावर बसून होते. बोलणं अजूनही कळत नाही. मी शेजारी टेकलो आणि म्हणालो, "काका, चूक माझी. मी हात बघायला पाहिजे होता."

"त्यांना समदं कळतं," काकू आतून म्हणाल्या.

काकांनी उजव्या हाताने माझा हात उलटा केला आणि तळहात बराच वेळ पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. मग एकेक करून माझी बोटं मिटली आणि तो हात माझ्याच मांडीवर नीट ठेवून दिला, मी त्यांचा ठेवला होता तसा.