जळक्या तेलाचे खांब
परवा चुलतभावाच्या गोठ्यात शिरलो आणि खांबांना फासलेल्या जळक्या तेलाचा वास नाकात गेला, तसं माझं डोकं पुन्हा तापलं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आमच्याकडे इंजिनातलं जुनं काळं तेल फासतात. हा गोठा बांधताना त्याने माझ्याकडे ते मागितलं होतं. मी म्हणालो, भाताची चिखलणी उरकली की ट्रॅक्टरचं ऑइल बदलणार आहे, तेव्हा ने. दुसऱ्या दिवशी मी खत आणायला धसईला गेलो. परत येतो तर आमचा छोटा ट्रॅक्टर खाचराच्या मधोमध बंद, इंजिन जाम, आणि बाबा बांधावर डोकं धरून बसलेले. "खडखडला नि बंदच पडला रे," म्हणाले. मी ऑइल बघायची पट्टी ओढली, तर ती कोरडी ठणठणीत. तसाच चिखलाच्या पायांनी भावाकडे गेलो. खांब काळेभोर चकाकत होते आणि हा हात पुसत म्हणतो, "तू बदलणारच होतास ना? म्हणून सकाळीच येऊन काढून नेलं. नट परत घट्ट बसवलाय मी." "आणि नवीन कोण ओतणार, तुझा बाप?" मी ओरडलो. त्याचा बाप, म्हणजे माझा सख्खा काका, तिथेच बसला होता, तरी मला लाज वाटली नाही. इंजिन गेलं ते गेलंच. खांब मात्र अजून ताठ आहेत. परवा त्यांच्यावर थाप मारून तो पाहुण्यांना सांगत होता, "वाळवीची बिशाद नाय, ह्याच्या ट्रॅक्टरचं तेल हाय!" पाहुण्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदाच मी वाळवीच्या बाजूने होतो.