पहिल्या मात्रेवर मारू नकोस

फोन आला तेव्हा शारजातल्या माझ्या यार्डात मी एका गिऱ्हाइकाशी जुन्या गिअरबॉक्सवरून भांडत होतो. तो "खलास, हबीबी" म्हणून निघाला होता आणि मी त्याची बाही धरून ठेवली होती. पलीकडून मुग्धा म्हणाली, "अंकल, बाबा इज नो मोअर." विलास, तिचा बाप, मला तबला शिकवणारा आणि या देशातला माझा एकुलता एक मित्र. फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर ड्युटी संपवून गाडीकडे चालताना कोसळला... मी बाही सोडली, लोखंडी पाना उचलला आणि समोरच्या भंगार जीपची काच फोडली. मग दुसरी. गिऱ्हाईक पळालं. कामगारांना वाटलं, दुःखानं. खरं सांगतो, रागानं. या माणसानं माझं बोट मोडलं होतं आणि माफी न मागताच तो गेला होता.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून मी इथे आलो तो गाड्या धुवायला. यार्ड उभं केलं जिभेवर आणि मुठीवर. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत पहिला फटका आपला, हा माझा नियम. विलास माझ्याकडे गाडीचा दरवाजा घ्यायला आला होता. भाव करताना मी टेबलावर बोटं आपटत होतो. "भावाचं नंतर बघू," तो म्हणाला, "आधी तुमचा ताल चुकतोय." मी शिवी दिली. त्यानं चिपळूणची अस्सल परत केली. पुढच्या रविवारपासून मी डोंगर ओलांडून फुजैराला त्याच्या घरी तबला शिकायला जाऊ लागलो.

तीनताल लवकर बसला. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग, पेट्या रचाव्यात तसे. रूपकनं मात्र डोकं फिरवलं. सात मात्रा, तीन, दोन, दोन. "सात हा काय आकडा झाला?" मी म्हणालो. "एक वर देतो, आठ कर."

"हा बाजार नाही, शकऱ्या. सात म्हणजे सात."

मुग्धा पियानो शिकत होती. ती आतून ओरडली, "इट्स लाइक सेव्हन-एट, अंकल! जस्ट काउंट!" तिच्या पुस्तकात ओळीच्या सुरुवातीला सात वर आणि आठ खाली, असे आकडे होते. विलासनं ते माझ्या भाषेत सांगितलं. वरचा आकडा म्हणजे एका खोक्यात नग किती, खालचा म्हणजे नग कुठल्या मापाचा, अर्धा, पाव की आठवा. "नग छोटा म्हणून एखादा कमी-जास्त चालेल, असं समजू नकोस." हे कळलं. अडलं ते पुढे. बहुतेक तालांत पहिल्या मात्रेला, समेला, टाळी असते. रूपकमध्ये नेमकी तिथेच खाली. टाळी द्यायची नाही, हात हवेत उलटा करायचा. डग्गा घुमवायचा नाही. "पहिल्या मात्रेवर मारू नकोस," तो दर रविवारी सांगायचा. माझा हात आयुष्यभर पहिल्यालाच मारत आला होता. तो कसला ऐकतो?

त्या रविवारी तो हातोडीनं तबला सुरात लावत होता. मी डग्गा समेवर हाणला. "पुन्हा," तो म्हणाला. मी पुन्हा हाणला. तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून हाणला. हातोडी आली ती थेट माझ्या डाव्या तर्जनीवर. मुद्दाम की चुकून, हे त्यानं कधी सांगितलं नाही. हाडाचा आवाज मी ऐकला. उजव्या हातानं त्याची मान धरली आणि डोकं कपाटावर आपटलं. भुवई फाटली, रक्त डग्ग्यावर उडालं. त्यानं माझ्या पोटात गुडघा घातला. शेवटी त्याच्या बायकोनं, सुनेत्रावहिनींनी, आमच्यावर पाण्याची बादली ओतली. "मरायचं तर गावाला जाऊन मरा!"

क्लिनिकच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. "यानं मारलं" एवढं कोणीही बोललं असतं, तर पोलीस, केस, आणि दुसरा कायमचा देशाबाहेर. त्याची मुलगी बारावीत होती, माझं यार्ड होतं. नर्सनं विचारलं, कसं झालं?

"गाडीचं बॉनेट पडलं," विलास म्हणाला.

"दोघांवर?"

"मोठी गाडी होती," मी म्हणालो.

आता त्याला कोणी हद्दपार करू शकत नाही, म्हणून लिहितो. माझं मी बघून घेईन.

प्लास्टर निघाल्यावर त्याचा फोन आला. "बोट कसं आहे?"

"वाकत नाही."

"मग रियाज वाढव."

मी फोन कापला. माफी मागेपर्यंत फुजैराला पाय ठेवणार नाही, असं ठरवलं. तोही तसलाच. नाहीच मागितली...

गावाकडचं सगळं आटोपून वहिनी परतल्या, तेव्हा गेलो. मुग्धाला विचारलं, "बाबा माझ्याबद्दल काही बोलायचा? सॉरी वगैरे?"

"ही ऑलवेज सेड यू स्टार्टेड इट."

मेल्यावरही! मी भिंतीवर मूठ हाणली.

"भिंत भाड्याची आहे, शकूरभाई," वहिनी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

परतताना डोंगरात ट्रकांची रांग लागली. डावा हात मांडीवर होता. विलासनं शिकवल्याप्रमाणे अंगठा बोटांच्या पेरांवर रूपक मोजायला लागला. तर्जनीचं वरचं पेर, एक. पण ते बोट आता ताठ उभं असतं, अंगठा तिथवर पोचत नाही. तो हवेतच थांबला. खालच्या पेरांवर दोन, तीन टेकले. मधल्या बोटावर चार, पाच. अनामिकेवर सहा, सात. पुन्हा एक... पुन्हा हवेत. जोर लावून बघितला, तरी पहिल्या मात्रेवर काही लागेना. त्याला मी माफ केलेलं नाही. पुढची गाडी सरकली, मागचा ट्रकवाला हॉर्न बडवायला लागला. मी सात पुरे केले, मगच गाडी हलवली.