अंजनाची चौकशी

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला जो डोंगर आहे, त्याच्यावर आज बोरी-बाभळी आणि कुसळी गवत याखेरीज काही नाही. महायुद्धाच्या सालांत त्यावर अंजनाची झाडं होती. ती राखावीत की तोडू द्यावीत, हे ठरवायला जंगलखात्याचे एक साहेब आले होते. पुढे नोकरीत मी पुष्कळ चौकशा पाहिल्या. काहींत पंच म्हणून बसलोसुद्धा. पण या पहिल्या चौकशीची जी शिसारी मनात बसली, ती अजून गेलेली नाही.

अंजनाच्या पानाला दोन दलं असतात, देठाशी जुळलेली, आपट्याच्या पानासारखी पण लहान. लाकूड इतकं टणक की कुऱ्हाडीची धार जाते. आमच्याकडे त्याची किंमत होती ती पाल्यासाठी. चैत्र संपता संपता कडबा सरतो, आणि त्याच सुमाराला अंजनाला तांबूस कोवळी पालवी येते. गावातला प्रत्येक जण डोंगरावर जाऊन फांद्या छाटून आणी. खोडाला कुणी हात लावत नसे. वडील गेल्यावर माझा थोरला भाऊ शाळा सोडून औताला लागला आणि मी शिकत गेलो, आधी जालन्याला, मग औरंगाबादेला, शेवटी हैदराबादेला. दादाची बैलजोडी उन्हाळाभर अंजनावर जगायची. तो थट्टेनं म्हणायचा की आमच्या घरात बैल आणि बी.ए. एकाच पाल्यावर पोसले गेले. मला त्याची लाज कधी वाटली नाही. आमच्या घराण्यात शाळा पुरी करणारा मीच पहिला.

युद्ध सुरू झालं आणि पेट्रोल मिळेनासं झालं. जालना-औरंगाबाद रस्त्यावरच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. मागे एक भलीमोठी टाकी, तिच्यात कोळसा पेटवायचा, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. त्या मोटारींना लागणाऱ्या कोळशासाठी लाकूड कुठून येत असेल, याचा विचार मी केला नव्हता. मी तेव्हा अंबडच्या शाळेत मास्तर होतो. सुटीला घरी आलो तेव्हा डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला भट्ट्या धुमसत होत्या आणि निम्मा उतार मोकळा झाला होता. डोंगर सरकारी होता आणि त्याच्या लाकडाचा गुत्ता, म्हणजे मक्ता, भोकरदनच्या एका बड्या माणसानं घेतला होता.

हा गुत्तेदार मला परका नव्हता. जालन्यात त्यांचं एक घर होतं. तिथल्या एका खोलीत राहून मी शाळा पुरी केली. त्यांनी कधी भाडं मागितलं नाही आणि कधी टोचून बोलले नाहीत. मी त्यांना काका म्हणत असे. ते उपकार खरे होते आणि मी आजही ते नाकारत नाही.

गावानं अर्ज करायचं ठरवलं, तो मी उर्दूत लिहिला, कारण सरकारी कारभार तेव्हा उर्दूत चाले. मागणी सरळ होती. सागवान आणि चंदन जसं सरकारी यादीत आहे, कुणीही तोडू शकत नाही, तसं अंजनही यादीत घालावं. पाला छाटायला मोकळीक असावी, खोडाला बंदी असावी. घरटी एक अंगठा पडला. तहसिलीतल्या एका ओळखीच्या कारकुनानं मला सांगितलं की साहेब दोनच गोष्टी पाहतात. झाड खरोखर कमी होत चाललं आहे का, आणि राखलं तर वाढेल का. पहिलीबद्दल आम्हाला चिंता नव्हती, उघडा उतार समोर होता. दुसरीचा पुरावाही आमच्याकडे होता. डोंगराच्या उत्तरेला एक घळ आहे. काही वर्षांपूर्वी अंजनाला भरपूर शेंगा धरल्या होत्या, त्या वाऱ्यानं घळीत जाऊन पडल्या आणि रोपं उगवली. दादानं आणि दोघा-चौघांनी घळीच्या तोंडाशी एका दगडाला शेंदूर फासून ती जागा म्हसोबाच्या नावानं सोडली. तेव्हापासून तिथे शेळी जात नव्हती आणि विळाही जात नव्हता. रोपं कुठे गुडघ्याला, कुठे छातीला लागत होती. साहेबांना त्या घळीत नेलं की काम झालं, असं दादाला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

साहेब यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी मी अंबडहून आलो. भोकरदनला उतरून पायी निघालो. गावाची शीव ओलांडली आणि पाहतो तो गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंना अंजनाची रोपं उभी. ऐन वैशाखात, जिथे मी जन्मात गवताची काडी पाहिली नव्हती तिथे, हारीनं हिरवीगार रोपं. मला काही समजेना. एक रोप धरून पाहिलं तर ते अलगद हातात आलं. खाली मूळ नव्हतं. कुऱ्हाडीचा तिरपा, पांढरा घाव होता.

मी पिशवीसकट तसाच घळीकडे गेलो. दादा तिथे शेंदराच्या दगडाला टेकून बसला होता. घळीत बोटभर उंचीचे खुंट राहिले होते, आणि त्यांच्यातून दोन शेळ्या हिंडत होत्या. त्यानं त्यांना हाकललंही नाही.

गुत्तेदाराच्या मुकादमानं सकाळी माणसं लावून घळ साफ केली होती. साहेबांना गावापासून डोंगरापर्यंत अंजनच अंजन दिसावं, म्हणजे झाड कमी होतंय या म्हणण्यात काही अर्थ उरणार नाही, असा बेत होता. तोडायला आलेली माणसं आमच्याच गावची होती. आमचा शेजारीही त्यांत होता. त्यानं आमच्या अर्जावर अंगठा दिला होता. मी त्याला त्याच्या ओट्यावर गाठलं. तो मुळीच शरमला नाही, उलट मलाच समजावू लागला.

"मुकादम म्हणला, सायबाला हिरवं दिसलं पायजे. मी म्हणलं, बराबर हाय. आपलं बी तेच म्हणणं हाय न्हाई का? झाडं दिसली तर साहेब खूश होईल आन् मंग राखंल."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मते त्यानं गावाचंच काम केलं होतं आणि वर मजुरीही मिळाली होती. दादानं त्याला एवढंच विचारलं की म्हसोबाला काय सांगितलं. तो म्हणाला, नारळ फोडला, मुकादमानंच आणून दिला होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले नाहीत. जाफराबादेकडे कुणाच्या तरी पाहुणचारात अडकल्याचा निरोप आला. त्याच्या पुढच्या दिवशीही आले नाहीत. उन्हानं रोपं माना टाकू लागली. मग जे सुरू झालं ते आठवलं की आजही तोंडाची चव जाते. मुकादमानं बाया लावल्या. विहिरीनं तळ गाठला होता, घागर भरायला ताटकळावं लागत होतं, आणि त्या विहिरीचं पाणी डोक्यावरून नेऊन मेलेल्या काटक्यांच्या बुडाशी ओतलं जात होतं. बाया हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "माह्या नवऱ्याला बी असंच पाणी पाजलं असतं, तर उठून बसला असता." सगळ्या खिदळल्या आणि पुन्हा विहिरीकडे गेल्या. पाणी ओतलेल्या मातीवर माशा बसू लागल्या. पानं आधी पिवळी पडली, मग गुंडाळली, आणि साहेब आले त्या सकाळपर्यंत वाऱ्यानं वाजू लागली होती.

साहेबांसाठी डोंगराच्या पायथ्याशी तंबू लागला होता. गावातून कोंबड्या, दूध, अंडी गोळा केली होती, घोड्यांसाठी कडबा उचलला होता. ज्यांच्या घरी तो शेवटचा होता त्यांच्याही घरून. साहेब सभ्य होते, वयानं पन्नाशीचे, आवाज मऊ. त्यांच्याबद्दल माझी तक्रार त्यांच्या सभ्यपणाबद्दलच आहे. ते गाडीवाटेनं चालत आले. दोन्ही बाजूंच्या वाळलेल्या हारींकडे पाहून थांबले. त्यांनी एका पानाला हात लावला, त्याचा चुरा झाला.

काका त्यांच्या शेजारी होते. मला वाटलं, आता यांची फजिती झाली. पण त्यांनी श्वास घेण्याइतकाही वेळ घेतला नाही. मान हलवून, अगदी दुःखी चेहऱ्यानं ते म्हणाले, "हुजूर, यही तो रोना है. या झाडाला रोग लागलाय. नवं रोप धरतच नाही. राखायचं तरी काय?"

काल ज्या रोपांनी झाड मुबलक आहे असं सांगायचं होतं, त्यांच्याकडून आज झाड वाचणार नाही असं वदवलं गेलं. मुकादम मागे उभा राहून मान डोलवत होता. पाणी ओतणाऱ्या बायाही डोलवत होत्या. मालक म्हणतात म्हणजे रोगच असेल.

मी पुढे झालो. एक रोप उपटलं, त्याचा घाव दाखवला, आणि घळ, म्हसोबा, मुकादम, मजुरी हे सगळं उर्दूत, एकही गोष्ट न गाळता सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "आपकी जबान बहुत साफ है. कहाँ तालीम पायी?"

मी सांगितलं. ते खूश झाले. कागद सांभाळणाऱ्या आपल्या पेशकाराकडे वळून म्हणाले की देहातात असे तरुण निघू लागले आहेत, फार बरं वाटतं. मी म्हटलं, घळ जवळच आहे, आपण चलावं. त्यांनी डोंगराकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि विचारलं की घळीत आता काय आहे.

"खुंट आहेत," मी म्हणालो.

"तो फिर देखना क्या?"

खुंट पाहून कुठल्याही झाडाचं काही सिद्ध होत नाही, त्यांचं बरोबर होतं. दादा तोवर मागे उभा होता. तो एकदम मराठीत बोलला, साहेबांकडे न बघता. "त्यांना इचार, आमी काय खाऊ घालावं बैलाला? येवढंच इचार." मी विचारलं. साहेब म्हणाले की तो प्रश्न त्यांच्या खात्याचा नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा.

मग जेवणाची वेळ झाली. तंबूतून मसाल्याचा वास येऊ लागला आणि भट्टीचा धूर त्यात मिसळला. मी निघालो तर काकांनी मला खांद्याला धरून थांबवलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते नाटक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. "पोरा, बराबर बोललास," ते म्हणाले. "साहेबासमोर आपल्या गावचं पोरगं असं उभं राह्यलं, बिलकुल न डरता. माझी खोली वाया न्हाई गेली. चल, माझ्याजवळ बस जेवायला."

त्यांच्या लेखी माझं बोलणं आणि झाडं या दोन निराळ्या गोष्टी होत्या. मी जिंकलो होतो, माझं शिक्षण जिंकलं होतं, आणि डोंगर त्यांचा होता. मला जालन्याच्या खोलीतली माझी सतरंजी आठवली, त्यांच्या स्वयंपाकघरातून येणारी गरम भाकरी आठवली. माझं जेवण झालंय, असं सांगून मी दादाच्या मागे चालू लागलो. तो पुढे गेला होता. वाटेनं त्यानं एकेक वाळकं रोप उपटून खांद्यावर घेतलं. घरी चूल तर पेटवायची होती.

पावसाच्या आधी हुकूम आला. चावडीवर मीच तो वाचून मराठीत सांगितला. अंजन कमी होत आहे हे खरं, असं त्यात मान्य केलं होतं. मात्र त्याची नवी रोपं रोगामुळे जगत नसल्याचं प्रत्यक्ष पाहण्यात आलं, म्हणून त्याला यादीत घेण्यात हशील नाही. उरलेली झाडं वाळून फुकट जाण्याआधी तोडून उपयोगात आणावीत. वाक्यं अतिशय नीटस होती. शेजारी ऐकून म्हणाला, म्हणजे रोग खराच होता तर.

गुत्तेदाराची माणसं लगेच वर चढली. लाकूड टणक, म्हणून कुऱ्हाडी रोज संध्याकाळी गावच्या लोहाराकडे शेवायला, पुन्हा धार काढून घ्यायला येत. तोडलेल्या झाडांचे शेंडे पाल्यासकट डोंगरभर पडले होते आणि ते कुणालाही न्यायला मोकळे होते. गावानं गाड्या भरभरून पाला आणला. कुणी उसासा टाकला नाही, उलट शेंड्यांवरून भांडणं झाली. जनावरांनी तसं उन्हाळ्यात कधी खाल्लं नव्हतं. दादाचे बैल पाठीवर मांस धरून चकाकू लागले. तो त्यांच्यासमोर पाला टाकायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा.

"खाऊ दे," तो मला म्हणाला. "पुढल्या साली हुकूम वाचून दाखव तू त्यांना."

पुढल्या साली चैत्र सरताच कडबा संपला. दादा बैल घेऊन केदारखेड्याला, त्याच्या सासुरवाडीला गेला. तिथे नदीकाठी थोडा हिरवा चारा असे. आमच्याकडे जावयानं आपली गुरं सासऱ्याच्या दावणीला बांधणं म्हणजे घर बुडाल्याची दवंडी पिटण्यासारखं. सासऱ्यानं आनंदानं ठेवून घेतली. पण मेव्हण्यानं सगळ्यांच्या देखत विचारलं, "दाजी, बैल आणले, आता तुम्ही बी इथंच ऱ्हाता का?" लोक हसले. दादाही हसला म्हणे. बैल तिथेच ठेवून, जेवायला न थांबता तो पायी परत आला. आल्यावर वहिनीला त्यानं सांगितलं की पाऊस पडेपर्यंत तिनं माहेरचं नाव काढू नये. त्या उन्हाळ्यात नांगरट झाली नाही.